टेप नेमका कुठे धरायचा? लालबागच्या सोसायटीतल्या मोजणीच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाला गेला की आमच्याकडे वजनाच्या गप्पा सुरू होतात. यंदा त्या सोसायटीच्या मीटिंगपर्यंत पोचल्या. महिला मंडळ आणि वाचनालयातली पोरं मिळून जानेवारीपर्यंत ज्यांची तयारी असेल त्या मोठ्या माणसांची मापं घ्यायची, प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं आणि ज्यांना गरज दिसेल त्यांना रक्त तपासून घ्यायला सांगायचं, असं ठरलं. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी ज्युनियर कॉलेजात बायोलॉजी शिकवते आणि त्या दिवशी मीटिंगला वेळेवर हजर होते.

जवळच्या एका जिमने त्यांचं मशीन फुकट आणून देतो म्हणून निरोप पाठवला होता. वर उभं राहायचं, दांडे हातात धरायचे, की अंगातल्या चरबीचे टक्के छापून येतात. हे यंत्र शरीरातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं. पाणी असलेल्या भागातून तो सहज जातो, चरबीत अडतो, आणि त्यावरून यंत्र अंदाज बांधतं. त्यामुळे तांब्याभर पाणी पिऊन आलात, घाम गाळून आलात किंवा जेवून आलात की आकडा हलतो. शिवाय छापील कागदाच्या तळाशी मेंबरशिपची ऑफर. नको म्हणून कळवलं.

आपण मोजायचं: उंची, वजन, कंबर. सीटचं, म्हणजे नितंबांच्या घेराचं, माप घ्यायचं की नाही ते नंतर बघू.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज मुलांना बीएमआय (बॉडी मास इंडेक्स) समजावून दिला. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग, इतकं त्यांना येतंच. हा भागाकार मांडणारा माणूस डॉक्टर नव्हता, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. बेल्जियमचे खगोलशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ आदोल्फ केतले १८३०च्या दशकात ‘सरासरी माणूस’ कसा असतो ते शोधत होते. लठ्ठपणा त्यांच्या डोक्यातही नव्हता. बीएमआय हे नाव अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी १९७२ साली रूढ केलं, तेही मोठ्या लोकसमूहांच्या अभ्यासाला सोयीचं म्हणून. एकट्यादुकट्याच्या तब्येतीचा निकाल त्यावर लावावा, असा बेत मुळात नव्हता.

रेषा कुठे ओढायची यावर बराच वाद झाला. मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर २५ पर्यंत हिरवा रंग दाखवतो. ती जागतिक आरोग्य संघटनेची नेहमीची सीमा: २५ ला जादा वजन, ३० ला लठ्ठपणा. पण आशियाई लोकांना मधुमेह आणि हृदयविकार त्याच्या बरेच अलीकडे गाठतात, म्हणून संघटनेच्याच तज्ज्ञगटाने २००४ मध्ये २३ आणि २७.५ हे सावध होण्याचे टप्पे सुचवले. भारतातल्या तज्ज्ञांनी २००९ मध्ये आणखी पुढे जाऊन २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा असं ठरवलं. आपण २३ आणि २५ धरतोय.

“मिस, म्हणजे कालपर्यंत हिरव्यात असलेला माणूस आज पिवळ्यात?” अकरावीतला एक जण म्हणाला. हो, तसंच.

दुसऱ्या मजल्यावरचे आजोबा वजन करून घ्यायला तयार नाहीत. त्यांना ते पाठ आहे: स्टेशनवरच्या नाणं टाकायच्या काट्याने दिलेलं, तिकिटाच्या मागे भविष्य छापलेलं. ते तिकीट त्यांनी अजून जपून ठेवलंय. भविष्य किती खरं ठरलं ते विचारलं नाही.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज नुसती टेपची तालीम. हॉलमध्ये तळमजल्यावरच्या टेलरकाकांना बोलावलं होतं. आल्या आल्या त्यांनी मुलांच्या हातातले टेप तपासले आणि दोन बाजूला टाकले. कापडी टेप वापरून वापरून ताणतो. स्टीलच्या पट्टीवर धरून पाहिला तर मीटरमागे जवळजवळ एक सेंटिमीटर लांबला होता. अशा टेपवर कंबर खऱ्यापेक्षा कमी भरते आणि माणूस खूश होऊन घरी जातो. दादरहून फायबरग्लासचे नवे टेप आणले, तेही पट्टीशी पडताळून घेतले.

मग मुद्द्याचा प्रश्न: कंबर म्हणजे नेमकी कुठे? टेलरकाकांचं उत्तर तयार होतं. “गिऱ्हाईक पँट जिथे घालतं तिथे.” शिवणकामाला ते बरोबरच आहे. पण पोट सुटलेला माणूस पँट पोटाच्या खाली घालतो, पट्टा तिथे आवळतो आणि कॉलेजात होती तीच चौतीसची साइज आजही लागते म्हणून सांगतो. पोट मात्र पट्ट्याच्या वरून बाहेर येतं आणि त्याचं माप कुठेच लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची पद्धत आम्ही अशी बसवली. कुशीतून, बगलेच्या सरळ रेषेत बोटं खाली आणत शेवटची बरगडी चाचपायची. तिच्या खालच्या कडेला स्केचपेनची बारीक खूण. मग कंबरेवर हात ठेवून उभं राहिलं की बाजूला जे हाड हाताला लागतं, त्याच्या वरच्या कडेला दुसरी खूण. दोन्हींच्या बरोबर मध्ये तिसरी. टेप या तिसऱ्या खुणेवरून फिरवायचा, जमिनीला समांतर. पाय जवळ, हात बाजूला सैल. टेप कातडीला टेकला पाहिजे, रुतता कामा नये. वाचायचं ते साधा श्वास सोडून झाल्यावर.

बेंबीवरून का नाही, असं तीन वेगवेगळ्या जणांनी विचारलं. पोट ओघळलं की बेंबीही खाली येते. हाडं आपली जागा सोडत नाहीत. अमेरिकेत एक दुसरी पद्धत चालते, तीत टेप कंबरेच्या हाडाच्या वरच्या कडेला टेकवूनच धरतात. आकडा थोडा वेगळा येतो. कुठलीही एक धरा, पण मग वर्षभर तीच.

तालमीत दोन गोष्टी लक्षात आल्या. एक, पाठीमागे टेप हमखास वर चढतो आणि पुढून मोजणाऱ्याला ते दिसत नाही. म्हणून मोजायला जोडी हवी: एक पुढे, एक मागे नजर ठेवायला. दोन, टेप अंगाला लागला की माणूस पोट आत घेतो. मुद्दाम नाही, आपोआप. त्यावर आमच्यातल्या एका मुलीने तोड काढली: “काका, आज जेवायला काय होतं?” असं विचारायचं आणि वाक्य संपलं की आकडा वाचायचा. बोलता बोलता श्वास सुटलेला असतो.

प्रत्येक माप दोनदा. दोन्हींत एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दोन्ही पुन्हा घ्यायची.

२३ नोव्हेंबर, रविवार

मार्गशीर्ष लागला. गुरुवारी बायकांचे उपास, घरोघरी पूजा, त्यामुळे त्यांची मोजणी रविवारीच. आधी पुरुषांची उरकून घेऊ.

उंचीची पट्टी लिफ्टशेजारच्या भिंतीवर पक्की लावली. चपला काढून, टाचा भिंतीला टेकवून, नजर समोर. उंची सकाळी जास्त भरते आणि दिवसभर मणक्यांमधल्या चकत्या दबून संध्याकाळपर्यंत सेंटिमीटरभर उतरते, म्हणून सगळ्यांची सकाळीच.

३० नोव्हेंबर, रविवार

पुरुषांची मोजणी झाली. दोन माणसं एकामागोमाग आली, आणि मुलांना मी महिनाभर जे सांगत होते ते त्या दहा मिनिटांत त्यांना पटलं.

पहिले मस्जिद बंदरला माथाडी कामगार. उंची १६४, वजन ७३. बीएमआय २७ च्या वर, म्हणजे आपल्या कार्डाप्रमाणे लठ्ठ. खांदे आणि मांड्या बघून वजनकाट्यावरची पोरं गप्प झाली. कंबर ८०.

त्यांच्या मागे करी रोडहून रोज फोर्टला जाणारे, बँकेतले एक काका. उंची १७०, वजन ६५. बीएमआय २२.५, सगळीकडे हिरवा. बिल्डिंगमध्ये त्यांना सडपातळ म्हणूनच ओळखतात. बायको “अजून एक पोळी घ्या” म्हणून मागे लागते. शर्ट वर करून पट्टा सैल केल्यावर कंबर भरली ९४. दुसऱ्यांदा घेतली, ९४ च. हात बारीक, पाय बारीक, पोट मात्र घट्ट आणि गोल. वडिलांना मधुमेह होता, हे त्यांनी टेप काढून घेताना सांगितलं.

काट्याने ज्याला धोक्यात घातलं तो ठणठणीत दिसतोय, आणि ज्याला सोडलं त्याच्याकडे बघायला हवं. भारतीय पुरुषांना कंबरेची सीमा ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. पाश्चात्त्यांसाठी नेहमी सांगतात त्या १०२ आणि ८८. त्या पुस्तकाप्रमाणे गेलो असतो तर बँकेतले काका कंबरेच्या मापातही सुटले असते.

१ डिसेंबर, सोमवार

कॉलेज सुटल्यावर बँकेतल्या काकांसारख्यांबद्दल वाचत बसले. या विषयात जगाला दखल घ्यायला लावणारं काम आपल्या पुण्यात झालंय. केईएम हॉस्पिटलचे (पुण्याचं, परळचं नव्हे, आमच्याकडे केईएम म्हटलं की दुसरं कुणी मनात येतच नाही) डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, २२.३. शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबीदार.

याची सुरुवात जन्माच्याही आधी होते. पुण्याजवळच्या खेड्यांत जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथँप्टनच्या बाळांचं ३.५. पुण्याची बाळं सगळ्याच बाबतीत लहान, पण स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. कमी स्नायू, त्या मानाने जास्त चरबी, असा बांधा घेऊनच आपल्याकडची पुष्कळ मुलं जन्माला येतात.

पोटाचीच चरबी का वाईट, हे मुलांना बोर्डावर काढून दाखवायचं आहे. मांडीवरची, कातडीखालची चरबी त्या मानाने गरीब असते. आतड्यांभोवतीची चरबी सतत फॅटी ॲसिड सोडते आणि तिथलं रक्त थेट यकृतात जातं. यकृतात चरबी साठते, इन्सुलिनला ते नीट दाद देत नाही, साखर आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) जास्त बनवायला लागतं. कंबरेच्या टेपला आतली आणि कातडीखालची चरबी वेगळी ओळखता येत नाही, हेही सांगायला हवं. पण टेप निदान योग्य जागी बघतो. वजनकाटा मटणाच्या दुकानातल्यासारखा हाडासकट सगळं एकत्र तोलतो.

७ डिसेंबर, रविवार

सीटचं माप घ्यायचं का, यावर आज मंडळात चर्चा. कंबर भागिले सीट हे गुणोत्तर जुनं आणि वजनदार आहे. ५२ देशांतल्या सुमारे २७,००० लोकांवर झालेल्या इंटरहार्ट अभ्यासात (२००५) हृदयविकाराच्या झटक्याशी बीएमआयपेक्षा या गुणोत्तराचा संबंध कितीतरी घट्ट निघाला. पुरुषांना ०.९० आणि बायकांना ०.८५ ही सीमा.

आणि आकडे आपल्या हार्बर लाइनवरच तयार होतात. गोवंडी स्टेशनजवळ देवनारला आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण तीच चालवते. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत पहिल्यांदा वजन-उंचीबरोबर कंबर आणि सीटही मोजली. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांत बीएमआय २५ किंवा जास्त असलेल्या २४ टक्के. कंबर-सीट गुणोत्तर धोक्याचं असलेल्या ५६.७ टक्के. पुरुषांत २२.९ आणि ४७.७. दोन्ही ठिकाणी दुप्पट किंवा जास्त. काटा बघून ज्यांना आपण सोडून देतो ती मंडळी या दोन आकड्यांच्या मध्ये बसली आहेत.

एवढं असूनही सीटचं माप कार्डावरून वगळावं असं माझं मत पडलं. एकतर साडीवरून सीट मोजायची म्हणजे निऱ्यांसकट मोजायची. दुसरं, गुणोत्तर सुधारलं की बिघडलं ते माणसाला उमजत नाही. वजन उतरताना कंबर आणि सीट दोन्ही उतरतात आणि भागाकार तिथेच राहतो. उपाध्यक्षवहिनींना हे पटलं नाही. “मोजतोच आहोत तर मोजून टाका की.” शेवटी वहीत घ्यायचं, कार्डावर नाही, यावर मिटलं.

१४ डिसेंबर, रविवार

बायकांची मोजणी. सोसायटीच्या ऑफिसला पडदे लावले, आत फक्त मुली आणि मी. आकडा मोठ्याने म्हणायचा नाही, वहीत लिहायचा. ही अट पहिल्याच मावशींनी घातली आणि ती योग्यच होती.

परकराची नाडी हा मोठा विषय निघाला. वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून कंबरेवर खाच पडलेली असते आणि टेप सरकून त्या खाचेत जाऊन बसतो. खाचेत कंबर अर्थात बारीक भरते. नाडी सोडून, दोन मिनिटं थांबून, खुणेवरच टेप.

एक काकू म्हणाल्या, “वजन दहा वर्षं तेच आहे गं, पण पाळी गेल्यापासून नाडी पुरेनाशी झाली.” कुठल्याही पुस्तकापेक्षा नेमकं सांगितलं. पाळी थांबल्यावर चरबी मांड्यांकडून पोटाकडे सरकते. काट्याला पत्ता लागत नाही. त्यांची उंची १५०, वजन ५३, कंबर ८४.

गरोदर आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांना या मोजणीतून वगळलं. पोटात पाणी होणं, हर्निया असं काही असेल तरी टेपच्या आकड्याला अर्थ नाही.

आज ८० च्या सीमेनेही घोटाळा केला. बास्केटबॉल खेळणारी एक मुलगी, उंची १७२, कंबर ८२: सीमेबाहेर. तिच्या मागची आजी, उंची १४६, कंबर ७७: सीमेच्या आत. दोघींना शेजारी उभं केलं तर कुणीही उलट सांगेल. कंबर उंचीच्या मानाने बघायला हवी.

२१ डिसेंबर, रविवार

कार्ड ठरलं. सगळ्यात वर एकच ओळ: कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे का?

ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी हेच मांडलं. कंबर भागिले उंची ०.४ ते ०.४९ ठीक, ०.५ ते ०.५९ धोका वाढलेला, ०.६ आणि त्याच्या वर जास्त धोका. बाई-पुरुष, वंश, सगळ्यांना एकच माप. बीएमआय ३५ च्या खाली असलेल्यांसाठी ते आहे. त्याच्या वर गेलेल्याला धोका सांगायला टेप कशाला. बास्केटबॉलवाली ०.४८, आजी ०.५३. माथाडी काका ०.४९, बँकेतले काका ०.५५. आता चौघं आपापल्या जागी बसले.

त्याखाली कंबर, ९० आणि ८० च्या सीमेसह. बीएमआय मागच्या बाजूला. तो काढून टाकावा असं पोरांचं म्हणणं होतं, मी ठेवला. खूप कमी वजनाचे लोक त्याच्याशिवाय दिसत नाहीत, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये १८.५ च्या खालीही माणसं आहेत. या वर्षी जानेवारीत जगभरच्या तज्ज्ञांच्या आयोगाने ‘लॅन्सेट’च्याच एका नियतकालिकात हेच सांगितलं: एकट्या बीएमआयवर लठ्ठपणाचं निदान करू नका, कंबरेसारखं आणखी एक माप घ्या आणि त्या माणसाला त्याचा त्रास होतोय का ते बघा.

लहान मुलांना हे कार्ड द्यायचं नाही. त्यांच्या बीएमआयचे वयाप्रमाणे वेगळे तक्ते असतात आणि ते बालरोगतज्ज्ञाचं काम आहे.

१७ जानेवारी २०२६, शनिवार

हळदीकुंकू. यंदाचं वाण म्हणून मंडळाने प्रत्येकीला फायबरग्लासचा टेप दिला. कल्पना टेलरकाकांच्या बायकोची. एकीने “प्लॅस्टिकचा डबा तरी कामाला येतो” म्हणून नाक मुरडलं, पण नेला.

टेप कसा धरायचा ते दाखवायला मी उभी राहिले, तर इंच आणि सेंटिमीटरमध्ये सगळ्यांची गल्लत व्हायला लागली. तेव्हा नवी कोरी परकराची नाडी मागवली. डोक्यापासून पायापर्यंत उंचीएवढी कापली, अर्धी घडी घातली आणि कंबरेभोवती धरली. दोन्ही टोकं भेटली तर ठीक, मध्ये पोट दिसलं तर नाही. आकडे नाहीत, भागाकार नाही. तिळगूळ हातात ठेवून रांग लागली. ज्यांना डिसेंबरमध्ये कार्ड मिळालं होतं त्यांनीही पुन्हा नाडी लावून बघितली आणि नवऱ्यांसाठी नाड्या कापून घरी नेल्या.

२५ जानेवारी, रविवार

कंबर निम्म्याहून जास्त भरलेल्यांना सांगितलेल्या तपासण्यांचे रिपोर्ट यायला लागले. ब्लडप्रेशर, उपाशीपोटी साखर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल). कंबर धरून या पाचांपैकी तीन सीमेबाहेर गेले तर डॉक्टर त्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. सीमा अशा: ब्लडप्रेशर १३०/८५, साखर १००, ट्रायग्लिसराइड १५०, एचडीएल पुरुषांत ४० च्या खाली आणि बायकांत ५० च्या खाली.

बँकेतल्या काकांची साखर ११४. मधुमेह १२६ ला धरतात, म्हणजे ते उंबरठ्यावर आहेत. ट्रायग्लिसराइडही वर. डॉक्टरांनी औषध दिलं नाही. रोज चालणं, रात्रीचा भात कमी, आणि तीन महिन्यांनी परत या. काकू आता पोळीचा आग्रह करत नाहीत, असं ते काहीशा तक्रारीच्या सुरात म्हणाले.

परकर न पुरणाऱ्या काकूंची साखर ठीक, ब्लडप्रेशर १४२/९०. त्यांना त्याचा काहीही त्रास जाणवत नव्हता. दोनदा वेगळ्या दिवशी तपासून मग ठरवू, असं डॉक्टरांनी सांगितलंय. माथाडी काकांचे सगळे आकडे बरे आहेत. पुढच्या वर्षी ते काम सोडून गावी जाणार आहेत. अंगमेहनत थांबली आणि जेवण तेच राहिलं तर पोट वाढेल, हे त्यांना सांगितलंय. एक टेप त्यांच्या सामानात जाईल.

पुढची मोजणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात. मे महिन्यात अर्धी सोसायटी कोकणात असते आणि आंबे झाल्यावर कुणी टेपसमोर उभं राहत नाही. टेप आणि स्टीलची पट्टी टेलरकाकांकडे, वही माझ्याकडे. उरलेल्यांत स्टेशनच्या तिकिटवाले आजोबा, आठव्या मजल्यावरचं एक कुटुंब, आणि आमचे चेअरमनसाहेब, जे नोव्हेंबरपासून दर आठवड्याला “पुढच्या रविवारी नक्की” म्हणतायत.